जांभळं की गुलाबी

"आण्टी, तुमच्या हातून चूक झाली आणि त्यापायी कोणी मेलं, असं कधी झालंय का?"

विचारणारीनं ‘आण्टी’ म्हटलं खरं, पण ती सरोजाची पोटची पोर होती. कीर्तना. अकरावीतली, दोन्ही वेण्या लाल रिबिनीनं वर दुमडून बांधलेल्या, हनुवटी अशी उंच की जणू भाषणालाच उभी राहिलीय. शाळेच्या अकरा मुली हॉस्पिटलची लॅब बघायला आल्या होत्या, आणि तिथे आपण अम्मा म्हणून हाक मारणार नाही, असं तिचं तिनंच सकाळी जाहीर करून टाकलं होतं.

मागच्या मुलींत खुदखुद झाली. कीर्तनाची जिवलग सुष्मिता वहीआड तोंड लपवून उभी होती. दारात चपला काढताना त्या दोघींचं तमिळमध्ये काय चाललं होतं, ते सरोजाच्या कानावर पडलंच होतं.

"खरंच विचारशील? तुझ्याच अम्माला? भयमा डी?"

"मला कसलं भय! पण विचारलं तर काय देशील?"

"बायोलॉजीच्या रेकॉर्डमधल्या पुढच्या सगळ्या आकृत्या मी काढून देईन. शेडिंगसकट."

शेडिंगसकट म्हटल्यावर कोण मागे हटतं? फक्त विचारायचं काय, तेवढं सरोजाला ऐकू आलं नव्हतं.

गेल्या जूनपर्यंत ही पोर वर्गात हात वर करत नसे. मग कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेत तिला धक्के मारून स्टेजवर चढवलं, तिथून ती बक्षीस घेऊनच उतरली, आणि तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नाही. बसच्या कंडक्टरला ती प्रश्न विचारते. देवळातल्या गुरुजींना विचारते. आज अम्माची पाळी.

सरोजानं टेबलाच्या कडेला हात टेकला. उत्तर सोपं होतं. ‘नाही’ म्हटलं की झालं असतं. मुली हसल्या असत्या, टीचर कॉरिडॉरमधला फोन संपवून आत आल्या असत्या, आणि सगळ्या खाली कँटीनमध्ये ज्यूस प्यायला गेल्या असत्या.

सिंकपाशी लॅबमधली नवी मुलगी हरिप्रिया काचपट्ट्या धूत होती. पाठमोरी. नळ चालू होता.

याआधीचा पाऊण तास किती छान गेला होता! सरोजाला स्वतःलाच नवल वाटलं होतं. या लॅबमध्ये तिला एकवीस वर्षं झाली, पण कोणी तिला ‘समजावून सांग’ असं म्हटलं नव्हतं. ते काम डॉक्टर नारायणस्वामींचं. ते लॅबचे प्रमुख. पण आज त्यांची मीटिंग निघाली. "सरोजाम्मा, तुम्हीच बघा जरा मुलींना," असं म्हणून ते गेले. मग सरोजानं घरून आणलेली कांद्याची जाळीदार पिशवी काढली. तिच्यात एक लांबट फुगा घातला, आणि पिशवी तटतटेपर्यंत तो फुगवला.

"हा जिवाणू," ती म्हणाली. "फुगा म्हणजे आतला जीव. जाळी म्हणजे त्याची भिंत. बाहेरचं पाणी सारखं आत घुसायला बघतं, म्हणून आत दाब किती असतो माहीत आहे? जाड भिंतीच्या जिवाणूंत तर लॉरीच्या टायरपेक्षा जास्त. जाळी नसेल तर फट्!"

‘फट्’वर दोघी-तिघी दचकल्या. सरोजाला बरं वाटलं.

"त्याला हाडं नाहीत, मग आकार कुठून येतो?" एकीनं विचारलं होतं.

"जाळीमुळेच. साखरेचे लांब धागे, आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या आखूड गाठी. आतलं सगळं धुऊन काढलं ना, तरी नुसती भिंत तशीच राहते. काठीसारखा होता तर काठी. गोळीसारखा होता तर गोळी."

"पण त्याला वाढायचं असलं की?" हा आवाज कीर्तनाचा. खराच प्रश्न होता तो, पैजेचा नव्हता.

सरोजा खुलली. "तेच तर! राहत्या घराची भिंत रोज पुढे सरकवायची, आणि घरातलं माणूस एक क्षणही उघड्यावर येऊ द्यायचं नाही. कसं करतो? थोड्या गाठी कापतो, नवे धागे घालतो, पुन्हा गाठी मारतो. कापणारे वेगळे, बांधणारे वेगळे, आणि दोघंही एकाच वेळी कामावर. जो काठीसारखा आहे त्याचे कामगार कमरेभोवती गोल गोल फिरत भिंत घालतात, म्हणून तो जाड होत नाही, लांब होतो. पुरेसा लांब झाला की बरोबर मध्यावर एक कडं आवळतं, तिथे आडभिंत उभी राहते, आणि एकाचे दोन."

"आणि पेनिसिलिन?"

"ते गाठ मारणाऱ्याचे हात धरून ठेवतं. कापणारे मात्र कापतच राहतात. मग काय होणार?"

"फट्!" अकराही जणी ओरडल्या. शेजारच्या रक्तचाचणीच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं.

मग तिनं रंगाचं काम दाखवलं. काचपट्टीवर जांभळा रंग, वर आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं, शेवटी गुलाबी. ज्याची भिंत जाड तो जांभळा धरून ठेवतो. ज्याची पातळ त्याचा धुऊन जातो आणि तो गुलाबी होतो. सगळी मेख धुण्यात. सरोजा पट्टी तिरकी धरून अल्कोहोल सोडताना पुटपुटत मोजते, एक, दोन, तीन, ते मराठीतच. अख्ख्या लॅबमध्ये बाकी सगळे तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत मोजतात. पण ही तंजावरकडची मराठी माणसं, तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहूनही आकडे मात्र घरचेच वापरतात. दहाला थांबायचं. कमी धुतलं तर सगळंच जांभळं दिसतं. जास्त धुतलं तर जाड भिंतीचाही रंग सुटतो, आणि जांभळा जिवाणू गुलाबी दिसायला लागतो.

"आणि तसं दिसलं तर?" सुष्मितानं विचारलं होतं.

"तर डॉक्टर भलतंच औषध देतील," सरोजा म्हणाली होती, आणि रंगाच्या बाटल्यांची टोपणं लावायला लागली होती.

त्यानंतर आला पैजेचा प्रश्न.

आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. कीर्तनाची हनुवटी अजून वरच, पण डोळ्यांत थोडी धाकधूक. आपण जरा जास्तच बोललो का, अशी.

"मेलं नाही कोणी," सरोजा म्हणाली.

मुलींचे खांदे सैल झाले.

"पण चूक झालीय. तीन आठवड्यांपूर्वी."

सिंकपाशी नळाचा आवाज तसाच येत राहिला.

"एक आजोबा आले होते इमर्जन्सीत. पोस्टात होते पूर्वी. ताप, मान ताठ, काही ओळखत नव्हते. मेंदूज्वर असेल म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून इथे पाठवलं. पट्टी मी रंगवली. धुताना मोजायला लागले, आणि चारच्या पुढे मला आठवतच नाही. उभ्याउभ्या डोळा लागला. किती वेळ ते देवाला ठाऊक. जाग आली तेव्हा अल्कोहोल पट्टीवरून ओघळतच होतं." ती थांबली. "काठीसारखे जिवाणू दिसले. गुलाबी. मी फोनवर गुलाबी म्हणून सांगितलं. ते जांभळे होते. त्याच पाण्यातून लावलेले जिवाणू दोन दिवसांनी काचेच्या डबीत वाढले तेव्हा कळलं. जे औषध चाललं होतं ते त्यांच्या भिंतीला लागूच पडत नव्हतं."

"मग?" कीर्तनाचा आवाज एवढासा झाला होता.

"मग औषध बदललं. आजोबा वाचले. उजव्या कानानं आता ऐकू येत नाही त्यांना."

सुष्मितानं वही खाली घेतली होती.

आणि मग नळ बंद झाला.

हरिप्रिया वळली तेव्हा तिच्या हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं. चोविशीची पोरगी, चेंगलपट्टूकडची, एका वर्षाच्या करारावर लागलेली. त्या दिवशी रंगवण्याची पाळी तिची होती. तीन नमुने एकदम आले होते, दोन तिनं रंगवले, एक सरोजानं, आणि रजिस्टरमध्ये तिन्हींच्या पुढे तिनंच सही केली. पाळी तिची, म्हणून. डॉक्टर नारायणस्वामींनी सही बघितली आणि मेमो तिला दिला. तिला स्वतःलाही कोणती पट्टी कोणी धुतली ते आठवत नव्हतं. तिनं मान खाली घालून मेमो घेतला, आणि तेव्हापासून प्रत्येक पट्टी मोबाइलवर वेळ लावून धुवायला लागली. तीसला तिचा करार संपत होता. मेमो असलेल्याचा करार पुढे वाढत नाही, हे झाडूवालीलाही माहीत होतं.

सरोजालाही माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं.

टीचर आत आल्या, "काय गं, एवढ्या गप्प? थँक यू म्हणा आण्टींना," म्हणाल्या. अकरा मुलींनी एका सुरात थँक यू म्हटलं. कीर्तना सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. दारात ती थबकली. चपला घालायचं विसरून तशीच चार पावलं गेली आणि परत आली.

मुली गेल्यावर लॅबमध्ये फक्त फ्रीजची घरघर उरली.

"अक्का," हरिप्रिया म्हणाली. इतक्या हळू की सरोजाला वाटलं, ती रडणार. पण ती रडली नाही. "तीन आठवडे मी झोपले नाहीये, अक्का."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे?" आता आवाज चढला. "रोज दुपारी माझ्या शेजारी बसून डबा खाल्लात. परवा तुमचा तिखट भात मला वाढलात. ‘खा गं, वाळलीस किती’ असं म्हणालात! मी अम्माला फोनवर सांगितलं, माझ्यामुळे एक माणूस बहिरा झाला. ती बिचारी वडपळणीच्या देवळात जाऊन मुरुगनला नवस बोलून आली. माझ्या हाताला यश यावं म्हणून! आणि तुम्ही भात वाढताय?"

रोज सकाळी ट्रेनमध्ये सरोजा ठरवायची, आज सांगू. रोज लॅबच्या दारात चपला काढताना वाटायचं, उद्या. एकवीस वर्षांत तिच्या नावावर एक डाग नव्हता. डाग नसणं हीच तिची कमाई. बाकी काय होतं? ना बढती, ना पाटीवर नाव. नुसतं ‘सरोजाम्माची पट्टी आहे ना, मग बघायला नको’ एवढं एक वाक्य, जे डॉक्टर लोक येता-जाता म्हणायचे.

"चल," ती म्हणाली. "साहेबांकडे चल माझ्याबरोबर."

"मी नाही येत. तुम्ही जा. मी आले तर माझ्या सांगण्यावरून बोलताय, असं वाटेल त्यांना."

पोरगी शहाणी होती. सरोजा एकटीच गेली.

डॉक्टर नारायणस्वामी मीटिंगमधून नुकतेच आले होते. चष्मा कपाळावर, समोर थंड झालेली कॉफी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे चोळत म्हणाले, "सरोजाम्मा, हे आता कशाला? पेशंट घरी गेला. मेमो देऊन झाला. फाइल वर गेली."

"सर, ती फाइल खाली आणा."

"सोपं नाहीये ते. पुन्हा सगळ्यांना पत्रं लिहा, पुन्हा कमिटी. आणि तुमचं नाव! तुम्हाला लॅबच्या टेबलावरून उठवावं लागेल मला. नियम आहे. तीन महिने तरी पट्टीला हात लावता येणार नाही, मग पुन्हा परीक्षा. या वयात. नव्या मुलीचं काय, तिला दुसरीकडे लागेल कुठेतरी."

"मेमो घेऊन कोठें लागेल, सर?" तमिळ बोलता बोलता मध्येच तिच्या तोंडून घरचा शब्द निसटला. डॉक्टरांना तो कळला नाही, पण तिचा चेहरा कळला असावा.

"चूक कशी झाली, तेवढं तरी लिहा," कागद पुढे सरकवत ते म्हणाले. "मशीनचा बिघाड, रंगाची बाटली जुनी, काहीही. काहीतरी कारण द्या म्हणजे मला सौम्य करता येईल."

सरोजानं लिहिलं. ‘पट्टी धुताना मला झोप लागली.’ त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली. सौम्य करण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

ती लॅबमध्ये परत आली तेव्हा पाच वाजत आले होते. उद्यापासून तळमजल्यावर नमुने घेण्याच्या खिडकीत बसायचं होतं. लोकांच्या बाटल्या घ्यायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिनं आपल्या मायक्रोस्कोपची भिंगं पातळ कागदानं एकेक करून पुसली. तेलाचा एक थेंब राहिला होता तो टिपला. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, त्याच्या कडा खाली ओढून नीट केल्या. हरिप्रिया तिच्या बाकावर बसून पट्टी बघत होती. तिनं मान वर केली नाही. सरोजा निघताना मात्र ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "खिडकीतल्या खुर्चीचा एक पाय हलतो, अक्का. दुसरी मागून घ्या."

तिरुवोट्रियूरच्या घरात सरोजा पोहोचली तेव्हा कीर्तना शाळेच्या कपड्यांतच सोफ्यावर बसली होती. एरवी ती अशी बसली की हातात मोबाइल असतो आणि तोंड चालू. आज दोन्ही नव्हतं. सरोजानं भात लावला. रसम गरम केलं.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून सरोजाचा नवरा गिरीधर आला तो सात वीसच्या गाडीनं. शर्टावर यंत्राच्या तेलाचा वास, हातात केळ्यांचा घड. तो तिथे शिफ्टचा सुपरवायझर. दिवसभर पत्रे कापणाऱ्या यंत्रांशेजारी उभा असतो, म्हणून घरी आल्यावरही अर्धा तास मोठ्यानंच बोलतो.

"काय झालं? काय म्हणून दोघी अशा बसलांत? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो," सरोजा म्हणाली. "हातपाय धुऊन या."

जेवताना तिनं सांगितलं. थोडक्यात, आमटीत मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तसं. तारीख, पट्टी, आजोबा, हरिप्रिया, कागद, खिडकी. गिरीधरचा घास हातातच राहिला.

"तीन आठवडे मला पण सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही म्हणाला असतां, गप्प बस."

त्यानं घास ताटात परत ठेवला, म्हणजे म्हणालाच असता.

"अम्मा," कीर्तना म्हणाली. दुपारपासूनचा तिचा हा पहिला शब्द. "मी ते मुद्दाम नाही विचारलं. म्हणजे मुद्दामच विचारलं, पण पैज होती. सुष्मिता म्हणाली, तुझी अम्मा नाही म्हणेल, सगळे नाहीच म्हणतात. मला वाटलं तूं हसशील."

"तूं विचारलंस म्हणून तर सांगून झालं. नाहीतर तीस तारीख पण अशीच गेली असती." सरोजानं तिच्या पानात रसम वाढलं. "जेव."

"पण तुला झोप कशी लागली? उभ्याउभ्या? तूं तर कधी दुपारी पण आडवी होत नाहीस."

"लागली की. वय झालं."

"वय काय वय," गिरीधर एकदम उसळला. एवढा वेळ आत साठलेलं भलत्याच वाटेनं बाहेर आलं. "वर्ष होत आलं, रोज चारला उठून बसतेस हिच्यासमोर! माणूस आहेस का दिवा आहेस जळायला?"

"अहो!"

"खोटं आहे? ही एन्ट्रन्सचा अभ्यास करणार म्हणून तूं पण जागी. ही पुस्तक वाचते, तूं मुरुंगीचा पाला निवडतेस. ही पेंगली की तूं कॉफी आणतेस. मग साडेसहाला डबे, सातला गाडी, दिवसभर त्या भिंगात डोळे. डोळे मिटणार नाहीत तर काय होणार?"

"गल्लीतल्या सगळ्या आया बसतात," सरोजा म्हणाली. "समोरच्या कनका तर गच्चीवर बसतात मुलाबरोबर. पोरं एकटी उठत नाहीत. त्यात काय एवढं?"

खरंच सगळ्या बसायच्या. पहाटे चारला त्या रस्त्यावर उभं राहिलं तर घराघरांतून एक खिडकी उजेडात दिसायची, आणि प्रत्येक खिडकीत दोन डोकी, एक पुस्तकावर झुकलेलं, एक भिंतीला टेकलेलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोराच्या आईनं झोपायचं नसतं, एवढं त्या गल्लीत ठरून गेलं होतं. सरोजानं तर ते आनंदानं धरलं होतं. आपण पट्टी रंगवून फोन केला, आता आपली लेक तो फोन घेणारी होईल, एवढं तिच्या मनात होतं. तेवढ्यासाठी शेवग्याचा पाला निवडणं काय जड होतं?

कीर्तना ताटाकडे बघत होती. तिची बोटं भातात तशीच होती. सरोजाला वाटलं, आता ही रडेल, मग आपण जवळ घेऊ, मग झोपेल, आणि उद्या पुन्हा सगळं नेहमीसारखं होईल. तिला तेवढंच हवं होतं. पाय इतके दुखत होते की उठून हात धुवायलाही जाऊ नये.

"त्या दिवशी मी किती वाजता उठले होते?" कीर्तनानं विचारलं.

"कोणत्या?"

"तूं चारच्या पुढे मोजलं नाहीस, त्या दिवशी."

"मला काय आठवतं!"

"मला आठवतं. फिजिक्सची टेस्ट होती. तीनला उठवलं होतंस. आणि मी परत झोपले. टेबलावर डोकं ठेवून. उठले तेव्हा पाच वाजले होते आणि तूं समोर तशीच बसली होतीस. मला उठवलं पण नाहीस."

"दमली होतीस," सरोजा म्हणाली.

गिरीधर ताटातून उठला आणि हात धुवायला गेला. नळाखाली तो बराच वेळ उभा राहिला.

कीर्तना मात्र रडली नाही. तिनं ताटात होतं तेवढं सगळं संपवलं, अगदी पानाच्या कडेचं लोणचंसुद्धा. उठली, ताट मोरीत ठेवलं, हात पुसले. मग खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली, जशी ती हल्ली कुठेही उभी राहते, पाय किंचित फाकलेले, खांदे मागे. पण आवाज स्टेजवरचा नव्हता.

"अप्पा, इकडे या. अम्मा, तूं पण ऐक, मध्ये बोलूं नको." तिनं एकदा श्वास घेतला. "मी परीक्षा देणार आहे. पण उद्यापासून पहाटे तूं उठणार नाहीस. तुझ्या खोलीतला दिवा लागलेला दिसला की मी पुस्तक मिटणार, आणि त्या दिवशी परत उघडणार नाही. मी झोपून राहिले तर राहिले. मार्क कमी आले तर आले. डॉक्टर नाही झाले तर तसं सगळ्यांना मी सांगीन, कनका आण्टींना पण. माझं जागणं मी जागीन, अम्मा. तूं झोप."